वालटरची गाय आणि जमनामावशीचं दूध

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आमच्या घोलवडच्या नर्सरीत दुपारचा चहा आला की कोणीतरी नुसतं म्हणतं, "वालटर असता ना आत्ता..." आणि झालं! कलमं बांधायची राहतात, चहा गार होतो आणि ज्याच्या त्याच्या पोतडीतून एकेक बाहेर यायला लागतं. मी तर त्याचा ढोलकीवाला आणि वर दुभाषा. माझ्याकडे इतका साठा झालाय की बायको म्हणते, "ह्यातले थोडे कोणाला तरी देऊन टाका, घरात जागा नाही!"

तर घ्या.

वालटर म्हणजे इंग्लंडचा गवई. तिकडच्या खेड्यापाड्यांत, जत्रेत, पबमध्ये गिटार घेऊन कंट्री गाणी म्हणायचा आणि सगळी विनोदी. गाय, ट्रॅक्टर, सासू हे त्याचे विषय. २०१४च्या हिवाळ्यात तो डहाणूला फिरायला आला, नरपडला जमनामावशीच्या घराशेजारची खोली भाड्याने घेतली, चिकू खाल्ला आणि मग दर हिवाळ्याला यायलाच लागला. "तिकडचं करिअर सोडून इकडे कशाला?" असं मी त्याला एकदा विचारलं.

म्हणाला, "दिनू, माझे सगळे श्रोते म्हातारे झाले. हसताना त्यांची कवळी पडते, म्हणून ते कार्यक्रमाला येत नाहीत."

*

त्याचा आमच्याकडचा पहिला प्रोग्रॅम झाला घोलवडच्या चिकू पॅकिंगच्या शेडमध्ये. त्याने आपलं सगळ्यात हिट गाणं काढलं. गाणं असं, की हा नदीवर आंघोळीला जातो, काठावर ठेवलेली पँट गाय खाऊन टाकते आणि नेमके त्याच वाटेने होणारे सासू-सासरे येतात. हा पाण्याबाहेर येतो तो फक्त टोपी लावून! आणि टोपी डोक्यावर नाही.

इंग्लंडमध्ये म्हणे ह्या गाण्याला माणसं खुर्चीवरून खाली पडायची.

आता शेडमध्ये मी काय केलं, तर सुरुवातीलाच माइकवर सांगून टाकलं, "हे गाईवरचं गाणं आहे." झालं! बायकांनी डोक्यावर पदर घेतला. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या. वालटर गिटार बडवतोय, डोळे मिचकावतोय, कंबर हलवतोय आणि समोर अख्खी शेड हात जोडून उभी! शेवटच्या कडव्याला तर कोणीतरी उदबत्तीही लावली. गाणं संपल्यावर एक आजोबा पुढे आले आणि त्यांनी त्याच्या हातात नारळ दिला.

वालटर नारळाकडे बघतच राहिला. मग मला हळूच म्हणाला, "आजवर लोकांनी मला खूप काय काय फेकून मारलंय. हातात आणून दिलेलं हे पहिलंच!"

आमच्याकडे हातात नारळ दिला ह्याचा आणखी एक अर्थ होतो, तो मी त्याला सांगितला नाही. माणूस खुशीत होता.

*

पुढे आमचा ग्रुप झाला. गिटार वालटर, ढोलकी मी आणि तिसरा रमणभाई. रमणभाई चिकूच्या पेट्या ट्रकमध्ये आणि रेल्वेत चढवण्याचं काम बघायचा. घरी गुजराती, बाजारात मराठी आणि रागावला की दोन्ही. त्याचं वाद्य म्हणजे चिकूची रिकामी लाकडी पेटी. त्यावर बसून दोन्ही हातांनी असा ठेका धरायचा की ढोलकीने लाजावं. टोन चांगला यावा म्हणून त्याने पेटीच्या आत खिळ्यांनी घुंगरू ठोकले होते.

एकदा सीझनची गर्दी. पेट्या कमी पडल्या. एका कामगाराने कोपऱ्यातली रमणभाईची पेटी उचलली, चिकू भरले, झाकण ठोकलं आणि गाडीत चढवली. वाद्य गेलं दिल्लीला! रमणभाई डोक्याला हात लावून बसला आणि वालटर त्याचं सांत्वन करायला खाली बसला.

चार दिवसांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोन. रमणभाईने स्पीकरवर टाकला. व्यापारी घाबऱ्या आवाजात विचारतोय, "भाईसाब, ये कौनसी नयी जात का चिकू भेजा है? हिलाते हैं तो बजता है!"

रमणभाई म्हणाला, "एक्स्पोर्ट क्वालिटी छे!" आणि फोन ठेवून दिला.

*

आता खरी गोष्ट. जमनामावशी.

नरपडच्या किनाऱ्यावर बोंबील सुकवायचे आणि डहाणूच्या बाजारात विकायचे, हा तिचा जन्माचा धंदा. बाई अशी, की बाजारात तिने नुसतं बघितलं तरी गिऱ्हाईक घासाघीस विसरतं. वालटरला तिने पोरासारखं सांभाळलं, पण हसून कधी बोलली नाही. हसायचीच नाही ती!

वालटरने एका सकाळी अंगणात बसून तिला ते गाईचं गाणं म्हणून दाखवलं. शेडमधल्या अनुभवाने मी शहाणा झालो होतो, म्हणून ह्या वेळी ओळ न् ओळ समजावून सांगितली. पँट, गाय, सासरे, टोपी, सगळं. मावशी बोंबील दोरीवर टांगता टांगता ऐकत होती. गाणं संपलं. तिने विचारलं, "गाय कोनाची व्हती?"

"मावशी, ते विनोदी गाणं आहे."

"ते ऱ्हाऊ दे. पँट खाल्ली, मग जनावराचं पोट नाय दुखलं?" असं म्हणाली आणि "चुलीवर दूध हाय माझं," म्हणत लगबगीने आत गेली.

वालटरचा चेहरा पडला. त्या दिवशी त्याने गिटारवर हात ठेवून शपथच घेतली. "दिनू, माझ्या करिअरचं आता एकच काम राहिलंय. ही बाई हसली पाहिजे. ती हसेपर्यंत मी रिटायर होणार नाही!"

खरंच सांगतो, हा माणूस तेवढ्यासाठी मराठी शिकला. व्हिसा, गुडघे, मुलीचे फोन, सगळं सांभाळून दर हिवाळ्याला नवीन गाणं घेऊन यायचा. आम्ही हसून लोळायचो. मावशी ऐकून घ्यायची, काहीतरी व्यवहाराचं विचारायची आणि दूध बघायला आत जायची.

*

झाईच्या बसचा किस्सा मधेच सांगून घेतो, नाहीतर राहील.

झाईला आमचा प्रोग्रॅम होता. आम्ही डहाणूहून एसटीने निघालो. वाटेत कोणीतरी म्हणालं, "वालटरभाऊ, एक होऊन जाऊ दे." ह्याला तेवढंच पाहिजे! ट्रॅक्टरचं गाणं सुरू झालं. सासूबाई ट्रॅक्टर शिकतात आणि ब्रेक कुठे असतो ते विचारायचं विसरतात, ते गाणं. कडवी म्हणाल तर संपता संपत नाहीत. झाई आलं, बस थांबली, तरी सासूबाई ट्रॅक्टरवरच! एक माणूस उतरेना.

कंडक्टरने घंटी मारली, शिट्टी मारली. शेवटी ओरडला, "सासूबाई कुठे थांबतात ते ज्यांना ऐकायचंय, त्यांनी रिटर्नचं तिकीट काढा!"

सगळ्यांनी काढलं. आम्हीसुद्धा! प्रोग्रॅमवाले झाईला हार घेऊन उभे आणि आम्ही परत डहाणूत.

*

मग तलासरीचं लग्न. मावशीच्या भाचीचं.

हळदीला त्यांच्यात एक रीत आहे. मुलीकडच्या आणि मुलाकडच्या बायका समोरासमोर बसतात आणि एकमेकींच्या माणसांवर जागच्या जागी गाणी रचून म्हणतात. कोणाचं टक्कल, कोणाचं घोरणं, कोणाची उधारी, काही म्हणजे काही सोडत नाहीत. पण म्हणताना आणि ऐकताना चेहरा कसा? आरतीला उभं राहिल्यासारखा! जो हसला तो हरला. आणि हरलेल्याने हळदीची सगळी भांडी घासायची.

मुलीकडून मावशी बसली. पदर सारखा केला आणि नवऱ्यामुलाच्या मामावर सुरू झाली. मामा गेल्या वर्षी विहिरीत पडला होता आणि वर आला तो दुसऱ्याच्या चपला घालून, अशी काहीतरी हकीकत होती. समोरच्या बायकांचे गाल फुगले, डोळे पाण्याने भरले, पण एकही हसली नाही. कमाल बायका!

हसला तो वालटर. खो-खो, मांडीवर थापा मारून! आणि बसला होता कुठे? जागा बघून मुलाकडच्यांत.

"हसला! तुमचा मानूस हसला!" मुलीकडच्या बायकांनी गलका केला. मुलाकडचे म्हणतात, तो आमचा नाहीच. पण मावशी न्यायाधीशासारखी म्हणाली, "तुमच्या चटईवर बसलाय ना? मग तुमचा." साहेबाने बाह्या सरसावल्या आणि हंडे, पराती, तांबे, सगळं घासलं. हात आठवडाभर पिवळे!

भांडी घासता घासता मला म्हणाला, "दिनू, जगभर फिरलो. इतका मोठा कलाकार बघितला नाही."

*

त्यानंतर त्याने मावशीसाठी अस्सल मराठीत बोंबलाचं गाणं रचलं. बोंबील दोरीवर लटकून एकमेकांच्या चुगल्या करतात, असं. नरपडला अंगणात म्हटलं तेव्हा माणसं पोट धरून वाळूत बसली. रमणभाईला तर उचकी लागली, ती दुसऱ्या दिवशी थांबली. मावशी म्हणाली, "बोंबील जोडीनं टांगतात, गाण्यात एकेकटा टांगलाय." आणि गेली आत, दुधाला.

तेव्हा रमणभाई माझ्या कानात म्हणाला, "दिनूभाई, एक विचारू? ही बाई चा तर काळीच पिते. घरात दूध छे क्यां, आहेच कुठे?"

मी म्हटलं, "तू उचकीकडे लक्ष दे."

*

आणि २०१९. गुडघे पार गेले, डॉक्टरने प्रवास बंद केला, मुलगी न्यायला इंग्लंडहून डहाणूला आली. डहाणू स्टेशनवर आम्ही त्याला सोडायला गेलो. दुपारची गाडी होती. वालटर बाकावर बसला होता, मांडीवर टोपी, बाजूला गिटार. मला खूप वाईट वाटत होतं.

"आयुष्यभर लोकांना हसवलं," तो म्हणाला. "एक बाई राहिली."

तेवढ्यात मावशी आली. सुक्या बोंबलांचं पुडकं त्याच्या हातात दिलं. रडेल असं वाटलं. पण ती मागे सरली, पदर सारखा केला आणि आरतीला उभी राहते तसा चेहरा करून भर प्लॅटफॉर्मवर सुरू झाली:

*"वालटर आमचा गवई गं,*
*गाईनं खाल्ली तुमान गं,*
*टोपीनं झाकला मान गं,*
*नि सासरा म्हनतो, जावई गं,*
*डोईला लागंल ऊन गं!"*

वालटरला कळायला एक क्षण लागला. मग जो फुटला! बाकावरून घसरला, टोपी रुळांवर गेली, डोळ्यांतून पाणी. माणसं जमा झाली. मावशीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने बोट रोखलं.

"हसला! हे गानं म्हनायला इतकी वर्सं वाट बघितली मी. हरलास! आता भांडी घासाया परत यावं लागंल."

गाडी आली. आम्ही त्याला ढकलून चढवला. गाडी हलली, मावशीने पाठ फिरवली आणि तिचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं, आता बांध फुटला. मी पुढे झालो, तर बाई तोंडात पदर कोंबून हसतेय! पदर सुटला आणि असं हसू आलं बाहेर, की हमालाने डोक्यावरचं सामान खाली ठेवलं.

वालटर दारात लोंबकळतोय, मुलगी मागून शर्ट ओढतेय आणि हा सगळ्या स्टेशनला ऐकू जाईल असा ओरडतोय, "हसली! दिनू, बघ, हसली! मावशी हरली! भांडी तिने घासायची!"

मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि गाडीच्या दिशेने तेवढ्याच जोरात ओरडली, "कोन हसलं? चुलीवर दूध हाय माझं!"

आणि लगबगीने घरी निघाली.