दुसऱ्यांदा विचारायचं नाही

गफूरभाई परकारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका माणसाच्या कानफटात मारत होते. दुबईत रास अल खोरला त्यांचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज होतं आणि ओळखीतून मी आमची गाडी तिथे घेऊन गेले होते. दारातच एक टिपर उभा होता. त्याचा मागचा हौदा वर उचललेला, आणि हौद्याखालून नुकताच बाहेर आलेला एक चाळिशीचा मेकॅनिक गाल धरून उभा. गफूरभाईंनी त्याच्या नाकासमोर चावी नाचवली. "ये तेरे जेब में क्यों नहीं थी?" त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, तशी दुसरी बसली. मग माझ्याकडे वळून अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "या वहिनी. डिस्कव्हरी गार्डन्सला आमच्याच बिल्डिंगमधल्या ना तुम्ही? चहा घ्या."

मी चहा घेतला. हे मुद्दाम सांगते, कारण त्या माणसाबद्दल लिहिताना स्वतःला बाजूला ठेवणं मला जमणार नाही.

नियम चांगला होता, हेही सांगायला हवं. जो माणूस गाडीखाली शिरेल, चावी त्याच्याच खिशात. तो स्वतः बाहेर येऊन चावी देत नाही तोवर इंजिनला कुणी हात लावायचा नाही. तरुणपणी त्यांनी एका ट्रकखाली माणूस चिरडलेला पाहिला होता. तेव्हापासून त्यांच्या गॅरेजात कुणाचं बोटसुद्धा गेलं नाही, असं ते अभिमानाने सांगत. मार खाणारा तो मेकॅनिक रहमत वीस वर्षं त्यांच्याकडेच होता. त्याची आई आजारी पडली तेव्हा गफूरभाईंनी त्याच दुपारी त्याला विमानात बसवलं होतं. "मैं मारता हूँ तो मैं ही रोता भी हूँ," असं ते म्हणत. त्यांना रडताना मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

ते मूळचे दापोलीकडचे, हर्णैजवळच्या एका गावचे. शिक्षण दहावी. पण वाचनाचं वेड असं की स्पेअर पार्ट आणायला चीनला गेले आणि येताना चिनी राजांच्या इतिहासाची जाडजूड इंग्रजी पुस्तकं बॅगेत भरून घेऊन आले. शब्दकोश मांडीवर घेऊन ती वाचली. मग एके दिवशी आमच्या दारावर टकटक करून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मराठी टायपिंग येतं ना? मी कादंबरी लिहितोय."

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी मी दोन मजले चढून त्यांच्या घरी जायची. रशिदाभाभी सांदण किंवा घावणे पुढ्यात ठेवायच्या, गफूरभाई येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. कादंबरी होती चीन एक करणाऱ्या पहिल्या सम्राटाची आणि त्याच्या थोरल्या मुलाची. मुलगा बापाला चार गोष्टी ऐकवायचा, म्हणून बापाने त्याला उत्तरेच्या सरहद्दीवर फौजेत पाठवून दिलं होतं. पुढे सम्राट दौऱ्यावर असतानाच मेला. दरबाऱ्यांनी मरण लपवलं. प्रेताचा वास येऊ नये म्हणून पालखीबरोबर खाऱ्या मासळीच्या गाड्या चालवल्या. हा प्रसंग सांगताना गफूरभाई खूश व्हायचे. "खारी मासळी, वहिनी! हर्णैच्या माणसाला हे सांगायला नको. त्या वासात दहा सम्राट लपतील."

मग दरबाऱ्यांनी मेलेल्या सम्राटाच्या नावाने मुलाला खोटा हुकूम धाडला: स्वतःचा जीव दे. शेजारी उभा असलेला सेनापती म्हणाला, थांबा, एकदा परत विचारून घ्या. मुलगा म्हणाला, बापाने मर म्हटल्यावर पुन्हा काय विचारायचं? आणि त्याने तलवार घेतली.

"वेडाच होता," मी म्हटलं.

"वेडा नव्हता. तोच एक खरा मुलगा होता." गफूरभाईंनी बोट उगारलं. "दुसऱ्यांदा विचारलं की हुकूम अर्धा होतो. राज्य असो, गॅरेज असो, घर असो. बापाने सांगितलं, खलास."

"पण कादंबरीतल्या सगळ्या बापांचं मुलांशी भांडण का असतं हो?"

"जमलं तर लिहायचं काय?" ते हसले. "आणि मराठी कादंबरीतले बाप लवकर रडतात. माझा रडणार नाही."

त्यांचा खरा मुलगा साजिद. इथेच वाढलेला, ऊद मेथाच्या शाळेत शिकलेला, मराठी नीट समजणारा पण उत्तर इंग्रजीत देणारा. इंजिनिअरिंग झालं आणि बापाने त्याला गॅरेजात उभं केलं. तो सगळ्यांशी 'आप' म्हणून बोलायचा, कामगार त्याच्याभोवती जमायचे. गफूरभाईंना ते खुपायचं. "पोरगं दरबार भरवतंय माझ्या जिवंतपणी," असं ते मला हसत सांगायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

एका शनिवारी आम्ही टायपिंग करत असताना साजिद खोलीत आला. "अब्बा, जस्ट वन क्वेश्चन. सोमवारी मला इंटरव्ह्यू आहे, अबू धाबीला. कॅन आय..." पुढचा शब्द मी ऐकला नाही. गफूरभाईंच्या हातातला पाण्याने भरलेला स्टीलचा तांब्या सुटला आणि साजिदच्या कपाळावर आदळला. भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरलं, मग पांढऱ्या टीशर्टवर. भाभी धावत आल्या, ओढणी त्याच्या कपाळाला बांधली आणि त्याला दवाखान्यात घेऊन गेल्या. दार बंद झालं. गफूरभाईंनी जमिनीवरचं पाणी पायपुसण्याने पुसलं, खुर्चीत बसले आणि अर्धं राहिलेलं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सांगू लागले.

मी ते टाइप केलं. मी उठले नाही. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बाप-मुलाचं आहे, आपण काय बोलणार. याची मला आजही शरम वाटते.

तो इंटरव्ह्यू साजिदने दिलाच, चोरून. नोकरीही मिळाली. हे बापाला कुठून तरी कळलं तेव्हा साजिद एका टिपरच्या उचललेल्या हौद्याखाली तेलाचा पाइप बसवत होता. पुढचं मला रहमतने सांगितलं, आणि नंतर खुद्द गफूरभाईंनीही.

गफूरभाई केबिनमधून निघाले ते थेट हौद्याखाली वाकले आणि मुलाला कॉलर धरून बाहेर ओढलं. सगळ्या कामगारांसमोर त्याला मारलं. हाताने, मग पान्याच्या मुठीने, खांद्यावर, पाठीवर. साजिदने हात उचलला नाही. "अब्बा, प्लीज, नॉट हिअर," एवढंच तो म्हणत होता. गफूरभाईंनी त्याच्या खिशात हात घालून चावी काढून घेतली. स्वतःचा नियम त्यांनी स्वतःच्या हाताने मोडला, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. चावी रहमतकडे फेकून ओरडले, "इसका काम खलास. टेकू निकाल, हौदा उतार. यल्ला!" रहमत क्षणभर थांबला. "उतार बोला ना!" असं म्हणून ते पाठ फिरवून केबिनकडे चालू लागले.

साजिदचा फोन हौद्याखाली चासीवर राहिला होता. तो पलीकडच्या बाजूने गेला आणि हात घालून चाचपू लागला. रहमतने अलीकडून टेकू काढला, गाडीत चढला आणि हौदा खाली सोडला.

किंकाळी ऐकून गफूरभाई धावत आले. डाव्या कोपरापासून खाली हात राहिलाच नव्हता, नुसता हौद्याच्या कडेत चेचलेला लगदा होता. कामगार हौदा वर घ्यायला धडपडत होते. गफूरभाईंनी रहमतला गाडीतून खाली खेचलं आणि त्याच पान्याने त्याच्या तोंडावर मारलं. दोन दात पडले. "अंधा है? पूछा क्यों नहीं?"

रहमतच्या तोंडातून रक्त येत होतं. तो म्हणाला, "शीशे में उसका शर्ट दिखा था, सेठ. सोचा एक बार पूछ लूँ. पर आपने दो बार बोला था. फिर पूछता तो आप मारते."

गफूरभाईंच्या हातातला पाना खाली पडला. वीस वर्षांत त्या गॅरेजात त्यांना कुणी उत्तर दिलं होतं ते हे पहिलंच.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी भाभींना धरून बसले होते. पोलीस आले. तोंडावर रुमाल धरलेला रहमत पुढे होऊन "गलती मेरी" म्हणू लागला. गफूरभाईंनी त्याला मागे सारलं. "हुकूम माझा होता. चावी मी काढून घेतली. याला सोडा." त्यांनी तसंच लिहून दिलं. शिक्षा झाली ती भोगली. बाहेर आल्यावर गॅरेज विकलं आणि रहमतचे दात स्वतः शेजारी बसून बसवून घेतले. साजिदचा हात डॉक्टरांनी कोपरावरून काढून टाकला होता. बरा झाल्यावर तो अबू धाबीला राहायला गेला. आईला रोज फोन करायचा. बापाचा फोन उचलायचा नाही.

गावी कायमचं परतण्याआधीच्या शनिवारी गफूरभाई स्वतःच दोन मजले उतरून माझ्याकडे आले. म्हणाले, "ते प्रकरण उघडा." मग येरझाऱ्या न घालता, खुर्चीत बसून, हळू आवाजात सांगू लागले. मुलगा सेनापतीचं ऐकतो. बापाला विचारायला स्वार पाठवतो. स्वार चार दिवस घोडा पळवतो. मी भराभर उतरवत होते, मला आतून बरं वाटत होतं. एकाएकी ते थांबले.

"पुसा, वहिनी."

"का? छान झालंय."

"स्वार पोचला तरी उत्तर कोण देणार? बाप मेलेला आहे. त्या सम्राटाला निदान कळलं तरी नाही, आपल्या नावावर काय झालं ते." त्यांनी चष्मा काढला. "मी जिवंत आहे. माझा हुकूम खोटा नव्हता." आणि मग ते रडले. लहान मुलासारखे, नाक पुसत, मोठ्याने. मी त्यांना पाणी दिलं आणि प्रथमच माझ्या मनातलं बोलले. "तुम्ही फार मारलंत, गफूरभाई. आम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो." ते मान हलवत राहिले. ती कादंबरी तिथेच संपली.

विमानतळावर सोडायला मी गेले होते. साजिद येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण सामान ट्रॉलीवर चढवत होतो तेवढ्यात तो टॅक्सीतून उतरला. डाव्या बाहीची घडी घालून पिन लावलेली. आईच्या गळ्यात पडला. मग बापासमोर येऊन उभा राहिला. "सेफ जर्नी, अब्बा," म्हणाला.

 गफूरभाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला म्हणून उजवा हात उचलला.

साजिद झटकन एक पाऊल मागे सरला आणि त्याने उरलेला हात तोंडासमोर आडवा धरला.

दोघेही तसेच राहिले. साजिदलाच पहिल्यांदा उमजलं आणि तो "सॉरी, सॉरी अब्बा" म्हणाला. पण गफूरभाईंनी हात खाली घेतला होता. तो त्यांनी पाठीमागे नेला, दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं, आणि तसेच, मुलाकडे बघत, उलट्या पावलांनी दारातून आत गेले.