पंच क्रमांक दोन

आमच्या गावाला लागून जी दगडखाण आहे, तिच्या परवानगीच्या पंचनाम्याखाली दोन पंचांच्या सह्या आहेत. पहिला पंच वारला. दुसरा मी. ही गोष्ट मी यंदा भरसभेत सांगितली. म्हाताऱ्याला शेवटी पश्चात्ताप झाला, असं गावात आता म्हणतात. ते खरं नाही. पश्चात्ताप जुना होता आणि तो पंधरा-सोळा वर्षं माझ्यात नुसता बसून होता. मी उठलो तो सूड घ्यायला.

माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात गेली. कासारवाडीला दोन खोल्यांत राहायचो आणि सुट्टीला गावी यायचो. गेज लावून माप तपासल्याशिवाय मी एकही नग पास केला नाही. सुपरवायझरशी भांडणं झाली, ओव्हरटाइम बुडाला, तरी केला नाही. अशा माणसाने जागा न बघता सही केली.

खाणवाला माझ्या शाळेतला. एका बाकावर बसायचो आम्ही. पुढे त्याने डंपर घेतले, मग क्रशर टाकायचं ठरवलं. त्याच्या शब्दावर माझा मुलगा चाकणच्या एका कंपनीत परमनंट झाला होता. महिन्याभराने खाणवाल्याचा फोन आला, जरा हायवेवर ये, पंच म्हणून एक सही लागतेय. खाणीचा डोंगर तिथून चार किलोमीटर. आम्ही हॉटेलात मिसळ खाल्ली. कारकुनाने टेबल पुसून कागद पुढे केला. 'समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. आसपास राहती वस्ती अगर पाण्याची विहीर नाही.' मी कागद वाचलाच नव्हता, असं पुढे किती वर्षं स्वतःला सांगत आलो. वाचला होता. डोंगराच्या पायथ्याला माझ्या थोरल्या भावाचं घर आणि विहीर होती. त्या विहिरीत मी पोहायला शिकलो. तरी सही केली.

सुरुंग सुरू झाले. दुपारी भोंगा वाजायचा आणि मागोमाग घराची कौलं थरथरायची. दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचा झरा आटला. दादाने आणखी खोल खणून पाहिलं, आडवं बोअर मारलं, पाणी काही आलं नाही. कांदा गेला, मग भाजीपाला गेला. खडी चऱ्होलीच्या इमारतींना जात होती आणि तिची धूळ दादाच्या ताटात पडत होती. दर दिवाळीला तो भिंतीच्या भेगांत सिमेंट भरायचा. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या पुन्हा उघडायच्या.

दादाला एवढंच हवं होतं की इथे विहीर नाही असं लिहून कुणी दिलं, ते कळावं. तो जेमतेम चौथी शिकलेला. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तू शिकलेला हायस. अर्ज लिही. कागद बाहेर काढ. त्या पंचाला मला एकदा विहिरीपाशी उभा करायचाय."

मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. चांगल्या अक्षरात, मुद्देसूद लिहिला, त्याची सही घेतली आणि तो माझ्या ट्रंकेत ठेवला. तो विचारायचा तेव्हा मी सांगायचो की तालुक्याला जाऊन आलो, कागद सापडत नाही म्हणतात. सात वर्षं सांगितलं. दादा गेला तेव्हा वहिनींनी त्याच्या उशाखालून एक वही काढून मला दाखवली. तालुक्याला मी ज्या ज्या दिवशी म्हणून गेलो होतो, त्या तारखा त्याने लिहून ठेवल्या होत्या. माझे उपकार विसरू नयेत म्हणून. त्यातल्या एकाही तारखेला मी गेलो नव्हतो.

यंदा डोंगराच्या आमच्या अंगाला दुसरी खाण काढायचा प्रस्ताव आला. वहिनींच्या घराच्या पार जवळ. जनसुनावणी लागली. खाणवाला माझ्याकडे पेढ्यांचा पुडा घेऊन आला. गावात विरोध आहे, तू जुना, शिकलेला माणूस, सभेत दोन शब्द बोल, असं त्याचं म्हणणं. मी आढेवेढे घेत होतो. तेव्हा तो माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "एवढंच सांग राव, की 'पहिल्या खाणीनं माझ्या सख्ख्या भावाच्या विहिरीलासुदिक काय झालं न्हाई.' भाऊ काय आता उठून न्हाई म्हणणार हाय?" आणि हसला.

त्या हसण्यावर मी होकार दिला. पेढाही खाल्ला.

मधल्या दिवसांत मी जे केलं त्याची मला लाज वाटत नाही. तालुक्याला खरोखर गेलो. पंचनाम्याची नक्कल मागितली, आणि ती चौथ्या खेपेला मिळाली. खाणवाल्याचा रोज संध्याकाळी फोन यायचा, काय बोलणार ते तो माझ्याकडून घोकून घ्यायचा. मी पाठ म्हणून दाखवायचो. तो खूश व्हायचा. त्याचं ते खूश होणं मी साठवून ठेवत होतो. इतका आनंद मला रिटायर झाल्यापासून कशात मिळाला नव्हता.

सुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, सगळं खाणवाल्याचं. पुढे अधिकारी बसलेले. वहिनी बायकांत खाली बसल्या होत्या, विरोधाचा अर्ज पदरात धरून. माझं नाव पुकारलं तेव्हा खाणवाल्याने स्वतः माईक माझ्या उंचीला करून दिला.

मी पंचनामा वाचला. तारीख, गट नंबर, समक्ष पाहणी, विहीर नाही, वस्ती नाही. शेवटी म्हणालो, "पंच क्रमांक दोन मी आहे. जागेवर गेलो नव्हतो. हॉटेलात बसून सही केली. सही मागणारा माणूस तो तिथे बसलाय. यावर माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ द्या, पण हे सगळं लिहून घ्या."

खाणवाला उठला. वयामुळे ह्याचं डोकं फिरलंय, असं त्याने साहेबांना सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सही घेतली तवा बरं शाबूत व्हतं!" मांडव हसला. खाणवाल्याच्या मानेवर घाम आला होता. मी तो नीट पाहिला. साहेबांनी तिथल्या तिथे प्रस्ताव थांबवून नव्याने मोजणी लावली.

वहिनींकडे बघायचं मात्र धाडस झालं नाही. मैदानाच्या फाटकाशी त्यांनीच मला गाठलं. आवाज चढवला नाही.

"भावजी, वहीतल्या तारखा?"

"सगळ्या खोट्या."

मग म्हणाल्या, "मोजणीला या. हीर कुठनं मोजायची ते तुमाला ठावं हाय. बाकी माझ्या दारात येऊ नका."

मोजणीच्या दिवशी टेपचं एक टोक मी विहिरीच्या काठावर धरून बसलो. ऊन मरणाचं होतं. नव्या खाणीच्या हद्दीपर्यंत अंतर नियमाच्या निम्मंही भरलं नाही, आणि घराचं तर त्याहून कमी. मोजणीदाराने आकडा मोठ्याने सांगितला आणि लिहिला. वहिनी टँकरच्या पाण्याची कळशी घेऊन बाहेर आल्या. मोजणीदाराला पाणी दिलं, त्याच्या माणसांना दिलं. माझ्यापाशी आल्या आणि कळशी तशीच घेऊन परत गेल्या.

खाणवाला हे गाडीला टेकून बघत होता. जवळ येऊन म्हणाला, "वयनीनं पाणीसुदिक विचारलं न्हाई. काय मिळवलंस रं?"

"तुझी दुसरी खाण," मी म्हणालो.

माझ्यावर खोट्या पंचनाम्याची चौकशी लागली आहे. जबाब द्यायला जाईन तेव्हा पहिल्या खाणीच्या परवानगीविरुद्धचा अर्जही सोबत देणार आहे, म्हणजे खाणवाल्यालाही माझ्या शेजारी उभं राहावं लागेल. मुलगा म्हणतो, या वयात कशाला, दोघंही आत जाल. जाऊ. एका बाकावर बसायची आम्हाला सवय आहे.

वहिनींच्या दारात मी पुन्हा गेलेलो नाही. त्या बोलावतील असं वाटत नाही, आणि त्यांनी बोलवावं असं मी कुणाकडून सुचवूनही पाहिलेलं नाही.