पाहुण्यांसाठी ठेवलेली काडतुसं

लेस्टरची सुप्रभा कर्णिक आठवडाभर लोकांचे दात काढायची आणि रविवारी शूटिंग क्लबात मातीच्या उडत्या तबकड्या फोडायची. दोन्ही ठिकाणी समोरच्याला फार बोलू द्यायची नाही.

अपवाद एकच, क्लबचे कॅप्टन एलियटकाका. मूळचे भायखळ्याचे बेने इस्रायल. अर्धं आयुष्य इंग्लंडात गेलं, पण टोमणे अजून मराठीतच मारायचे. दर वसंतात थॉर्न नावाच्या शेतकऱ्याच्या मोहरीवर रानकबुतरांची धाड पडे आणि तो क्लबच्या नेमबाजांना बोलावी. सुप्रभाला तिथे बंदूक घेऊन बसायचं होतं. काका तिला दर वर्षी चहाचा फ्लास्क घेऊन बसवत.

"बाई, तुमच्या त्या नाजूक वीस बोअरच्या बंदुकीनं कबूतर मरायचं नाही, फार तर शिंकेल," काका म्हणाले.

"या वर्षी शिंकतं की पडतं ते बघाच, काका."

थॉर्नची अट साधी होती. जखमी होऊन उडून जाणारं पाखरू त्याला नको होतं. म्हणून चुना फासलेल्या लोखंडी पत्र्यावर प्रत्येकानं आधी एक बार टाकायचा. मग तो पुठ्ठ्याचं कबूतर त्या छऱ्यांच्या खुणांवर कुठेही ठेवून बघणार. त्याखाली पुरेशा खुणा सापडल्या तरच शेतात प्रवेश.

सुप्रभानं हिवाळाभर सराव केला. बंदुकीच्या तोंडाशी वेगवेगळे चोक, म्हणजे तोंड कमीजास्त आवळणाऱ्या छोट्या नळ्या, बसवून पाहिले आणि छरे एकसारखे पसरवणारा एक निवडला. सराव अर्थात साध्या काडतुसांवर. महागड्या काडतुसांचा डबा वरच्या कपाटात, चांगल्या कपबश्यांशेजारी. कर्णिकांच्या घरात चांगली वस्तू वापरायची नसते, ती पाहुण्यांसाठी असते.

परीक्षेच्या दिवशी तिनं ऐटीत तो डबा फोडला, नेम धरला आणि बार टाकला.

पत्र्यावर मधोमध छऱ्यांची गर्दी, लग्नातल्या जिलबीच्या टेबलाभोवती असते तशी. बाजूला मात्र मैदान मोकळं. थॉर्ननं पुठ्ठ्याचं कबूतर तिथे ठेवलं. त्याच्याखाली एकही खूण नव्हती.

"अरेरे! हे कबूतर तर नातवंडांची लग्नं बघणार!" काका खूश झाले.

"अगं, सरावात तर किती छान यायचं," नवरा विनय पुटपुटला.

"सरावात साधी होती रे!" सुप्रभा म्हणाली आणि मग तिनं स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. बंदूक पारखली एका काडतुसावर, आणि परीक्षेला आणलं दुसरंच. भारी किमतीचं, पण त्या चोकमधून कधीच न उडवलेलं.

"एकच बार, बाई. नियम म्हणजे नियम. विनय, फ्लास्क आणलाय ना?"

सुप्रभा तडक थॉर्नपुढे उभी राहिली. "चूक माझी आहे. पण तुमच्या शेतात मी ही महागडी आणणारच नाही. जी आणणार, त्यांची परीक्षा घ्या."

थॉर्ननं विचार केला आणि चुन्याची बादली तिच्यापुढे सरकवली. तिनं पत्रा रंगवला. विनय धावत जाऊन गाडीतून साधा डबा घेऊन आला. बार झाला. थॉर्ननं पुठ्ठ्याचं कबूतर वर ठेवलं, खाली ठेवलं, अगदी कडेला ठेवलं. जिथे ठेवावं तिथे छऱ्यांच्या खुणा.

"नशीब!" काका म्हणाले.

सुप्रभानं पत्रा पुन्हा रंगवला आणि पुन्हा बार टाकला. तेच. तिसऱ्यांदा तिनं ब्रश काकांपुढे धरला. "आता तुम्ही रंगवा, म्हणजे मी लबाडी केली असं वाटायला नको."

काकांनी रंगवला. बार झाला. काका पत्र्याजवळ गेले, चष्मा वर केला, खाली केला आणि बोटानं एकेक खूण मोजू लागले.

थॉर्ननं कुंपणालगतच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "शनिवारी ती बसेल तिथे."

"अहो, तो कोपरा माझा आहे!" काका मराठीतच ओरडले.

"होता," सुप्रभा म्हणाली आणि बंदूक खोळीत घालू लागली.