खंडेनवमीचा रोबोट

जगात अचूकता म्हणून काही शिल्लक असेल, तर ती माझ्यासारख्या थोड्या माणसांमुळे आहे. चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि माल परत पाठवायचा. स्वतः काहीही बनवायचं नाही. हा नियम मी बावीस वर्षं पाळला आणि यंदाच्या खंडेनवमीला मोडला.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते आणि प्रत्येक खातं काहीतरी सजावट करतं. मीटिंगमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपच्या साळुंखेने सगळ्यांसमोर विचारलं, "इन्स्पेक्शनवाले काय करणार, साहेब? का आमचीच रांगोळी रिजेक्ट करणार?"

"माणसाच्या उंचीचा रोबोट," मी म्हणालो. "घरी बनवून आणतो."

साळुंखेशी माझं वैर नाही. गेल्या वर्षी त्याने उजव्या बाजूच्या ब्रॅकेटऐवजी डाव्या बाजूचे पाठवले, तेव्हा मी लॉट परत केला, शिवाय त्याच्या माणसांसमोर उभा राहून डावं-उजवं या विषयावर पाऊण तास बोललो. एवढंच. पण त्यामुळे माझ्या रोबोटात चूक निघून चालणार नव्हतं.

पुनावळ्याच्या आमच्या घरच्या हॉलमध्ये पांढऱ्या प्लास्टिक शीट आल्या. रोबोटसाठी माणसाचं माप हवं म्हणून मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि बायकोने, वंदनाने, टेप लावला.

"कंबर छातीपेक्षा जास्त येतेय," ती म्हणाली.

"आहे ते लिही. माप म्हणजे माप."

"अहो, पण रोबोट जेवतो का?"

मी आकडा स्वतःच लिहून घेतला. रोबोटला पोट आलं.

हातांचं काम नाजूक होतं. एका हाताचा कागदी नमुना अंगठ्यासकट कापला, शीटवर ठेवून आखला, कापला आणि वंदनाच्या हेअर ड्रायरने तापवून वाकवला. (ड्रायरचा जळका वास अजून गेलेला नाही.) त्याच नमुन्यावरून, तो तसाच ठेवून, दुसरा हात काढला. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाहिले. केसाचाही फरक नव्हता! इतकं समाधान मला लग्नातही झालं नव्हतं. हे मी वंदनाला सांगितलं, ही वेगळी चूक.

खंडेनवमीच्या सकाळी हात नट-बोल्टने खांद्यांना लावले. रोबोटने पाहुण्यांना नमस्कार करावा असा बेत होता. मी तळवे जुळवले. वंदना चहा घेऊन आली आणि बघत राहिली.

"एक अंगठा त्याच्या छातीकडे आणि एक पाहुण्यांकडे. असंच असतं का हे?"

मी माझे हात जोडून पाहिले. मग रोबोटचे. मग पुन्हा माझे, कारण आशा सुटत नव्हती. दोन्ही हात डावे होते.

शीट संपली होती. तेवढ्यात बेल वाजली. रोबोट न्यायला कंपनीने टेम्पो पाठवला होता आणि टेम्पोबरोबर साळुंखेला.

साळुंखेने रोबोटभोवती एक फेरी मारली. एक हात उचलून पाहिला, मग दुसरा.

"साहेब, उजवा कुठं हाय?"

"हा काय."

"ह्यो डावा हाय. आन् त्यो बी डावाच."

"तसा भास होतो."

"पाऊण तास समजावून सांगू का?"

"साळुंखेभाऊ, आधी चहा घ्या," वंदना म्हणाली. "मग यांचं काय करायचं ते करा."

त्याने चहा बशीत ओतून संपवला. मग म्हणाला, "उजव्या खांद्याचा हात पाठीमागं न्या. दुसरा ऱ्हाऊ द्या म्होरं. मी न्हाई सांगत कुणाला. सणाचा दिस हाय."

एक हात पाठीमागे, पोट पुढे. रोबोट हुबेहूब राउंडला निघालेल्या आमच्या प्लांट हेडसारखा दिसू लागला.

खुद्द प्लांट हेड आरतीनंतर रोबोटसमोर थांबले आणि त्यांनी हात मिळवायला उजवा हात पुढे केला. समोर डावा होता. साहेब क्षणभर घुटमळले, मग उजवा मागे घेऊन त्यांनी डावा पुढे केला. त्यांच्या मागे मॅनेजरांची रांग होती. सगळ्यांनी गंभीरपणे डावा हात मिळवला. एचआरच्या मॅडमनी दोनदा, कारण पहिला फोटो हलला.

"जपानमध्ये असंच करतात," कुणीतरी हळूच म्हणालं. दोघांनी मान डोलावली. त्यातला एक जपानला जाऊन आलेला होता.

साळुंखे कोपऱ्यात प्रसादाचं खोबरं चावत होता. त्याने शब्द पाळला. साहेबांना मात्र रोबोट इतका आवडला, की तो रिसेप्शनमध्ये उभा करायचा हुकूम निघाला.

महिन्याभराने ग्राहक कंपनीचे ऑडिटर आले. येताना त्यांनी रोबोट समोरून पाहिला, जाताना पाठीमागून. दिवसभरात अख्ख्या प्लांटमध्ये त्यांना एकही चूक सापडली नव्हती. जाता जाता सापडली.

लेखी उत्तराचा फॉर्म फायनल इन्स्पेक्शनकडे आला. 'चूक कशामुळे झाली' या रकान्यात मी लिहिलं, 'कामगाराला पुरेसं प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.' खाली माल तपासून पास करणाऱ्याची सही हवी होती. तीही माझीच आहे.