हॉलिस वेदरबीची एकतीस पुस्तकं

हॉलिस वेदरबीने चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि त्या चाळीस वर्षांत आमच्या गावातलं एकही पोर सन अठराशेची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक ऐकल्याशिवाय शाळेत पोचलं नाही. जेफरसनला त्र्याहत्तर मतं, बरला त्र्याहत्तर, आणि दोघं एकाच पक्षाचे! मत देणाऱ्या प्रत्येक प्रतिनिधीला दोन मतं होती. जेफरसन अध्यक्ष आणि बर उपाध्यक्ष व्हावा म्हणून एकाने तरी बरचं मत राखून ठेवायचं, एवढंच काम. कुणीच ठेवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी ठेवेल. मग बरोबरी मोडायला प्रतिनिधिगृहात मतदानाच्या छत्तीस फेऱ्या. छत्तिसाव्या फेरीपर्यंत पोचल्याशिवाय हा बाबा थांबत नसे. माझ्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळीसुद्धा मध्येच थांबला नाही.

मी त्याची शेजारीण, आणि गावच्या वाचनालयात नोंदणीच्या टेबलाशी बसते. तिथे खिडकीजवळ त्याचं कपाट होतं. जुन्या भांडकुदळ निवडणुकांवरची एकतीस पुस्तकं, वाचक एक. तीन वर्षांत बाहेर न गेलेलं पुस्तक काढून टाकायचं, असा नियम आहे. म्हणून हॉलिस पाळीपाळीने एकेक घरी न्यायचा.

"अरे, हे तू अकरा वेळा नेलंयस."

"शिक्का मार, विनी. डोकं खाऊ नकोस."

यंदा कोरीन टास्कर वाचनालयाच्या समितीवर उभी राहिली. तिला त्या कपाटाच्या जागी कॉम्प्युटरचं टेबल हवं होतं. समितीतले दोघे एकमेकांच्या विरुद्ध, तेव्हा तिसरा जो येईल तो ठरवणार. मग हॉलिसही उभा राहिला.

उभा राहिला म्हणजे खरोखर नुसता उभा राहिला. मतं मागितली नाहीत, अंगणात पाटी लावली नाही. "पूर्वी उमेदवार स्वतःसाठी तोंड उघडत नसत," म्हणाला.

"पूर्वी अंघोळही करत नसत," मी म्हटलं.

पण वर्षानुवर्षं त्याच्या बसमधून गेलेलं गाव. तो निवडून येणार, यात कुणालाच शंका नव्हती. तीच तर पंचाईत झाली.

मार्चमध्ये गावसभेला आम्ही सगळे नगरभवनात जमलो. ॲपल पाय, भाजलेले घेवडे, आणि टोपलीत कागदाच्या चिठ्ठ्या. आमच्याकडे चिठ्ठीवर नाव आपल्या हाताने लिहितात. मोजायला मी होते. हॉलिसचं अक्षर मी झोपेतही ओळखीन, आणि त्याने लिहिलं होतं कोरीन टास्कर. सभ्य माणूस स्वतःला मत देत नाही म्हणे! मी ती चिठ्ठी कोरीनच्या गठ्ठ्यात ठेवली. खालच्या चिठ्ठीवरचं अक्षरही माझ्या ओळखीचं होतं.

चौसष्ट विरुद्ध चौसष्ट.

भवनात कुणी हसलं नाही. आम्हा सगळ्यांना ती गोष्ट पाठ होती. बरोबरी झाली की आमच्याकडे नावं टोपीत टाकून एक उचलतात. उचललं ते कोरीनचं.

"हॉलिस, मनाला लावून घेऊ नकोस रे," कोरीन म्हणाली. वाईट बाई नाही ती.

"छे," हॉलिस म्हणाला आणि उरलेला ॲपल पाय संपवला.

शनिवारी तो स्वतःच कपाट रिकामं करायला आला. मी खोकी धरत होते.

"एक मत कुठे गेलं, कळत नाही," तो म्हणाला.

"तुझंच गेलं, मूर्खा! मी अक्षर पाहिलं."

"ते धरलंच नव्हतं मी. माझं सोडून माझ्या बाजूची पासष्ट होती, एकेक घर मोजलं होतं मी. कुणीतरी एक फिरलं."

चिकटपट्टी माझ्या हातातच राहिली.

"मी," मी म्हटलं. "तू येणारच होतास. म्हटलं, एकाने काय बिघडतंय? एका मताने तरी कमी निवडून यावास. नाहीतर वर्षभर तुझी मिजास मलाच सोसायला लागली असती."

हॉलिसने हातातलं पुस्तक खोक्यात ठेवलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्र्याहत्तर जण होते," शेवटी तो म्हणाला. "प्रत्येकाला वाटलं..."

आणि थांबला.

"पुढे?" मी विचारलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"पुढचं तुला पाठ आहे," म्हणाला, आणि खोकं उचलून निघून गेला.