पान्यिन आजींच्या चेहऱ्याचा रंग

बुधवारी दुपारी ग्यामफुआ आंटीचा लॅपटॉप गेला. आधी पडद्यावर आडव्या रेघा आल्या, मग आतून बारीकसा आवाज झाला, मग काहीच नाही. आंटीने तीनदा बटण दाबलं, चार्जर काढून पुन्हा लावला आणि शेवटी झाकण मिटून त्यावर हात ठेवून बसून राहिली. शेजारच्या टेबलावर मी कागद कापत होते.

"पान्यिन आजींचं काम कुठे आहे?" मी विचारलं.

"पेनड्राइव्हवर आहे. पण ते बघायचं कशात, तुझ्या तोंडात?"

आंटी चिडली की असं बोलते. घाबरली की जास्त बोलते. त्या दिवशी ती एवढंच बोलली, त्यावरून मी ओळखलं की हे घाबरण्याच्याही पलीकडचं आहे.

आमच्या कुमासी शहरात माणूस गेला की त्याचं पुस्तक निघतं. जन्मापासूनची हकिकत, मुलानातवंडांचे चार शब्द, प्रार्थनेची गाणी आणि मुखपृष्ठावर मोठा चेहरा. अंत्यविधीला आलेला प्रत्येक जण ते घरी नेतो आणि वर्षानुवर्षं बैठकीत ठेवतो. आत जन्मसाल चुकलं तर कोणी पाहत नाही. चेहऱ्याचा रंग चुकला तर सगळे पाहतात. ग्यामफुआ आंटी एकोणीस वर्षं ही पुस्तकं करते आहे. त्याआधी ती कोर्टाच्या फाटकाबाहेर टंकयंत्र घेऊन लोकांचे अर्ज लिहायची. धाकटी बहीण गेली तेव्हा दुसऱ्याने केलेलं पुस्तक हिला पसंत पडेना, म्हणून हिने स्वतः एक केलं, आणि ते पाहून लोक यायला लागले. आसाफोतल्या माझ्या छापखान्यात तिचं टेबल आहे. ती चेहरे करते, मी छापते.

एकोणीस वर्षांत तिच्या हातून एकच मोठी चूक झाली, आणि ती नेमकी पान्यिन आजींच्याच घरच्या पुस्तकात. तीन वर्षांपूर्वी पान्यिन आजींचा नवरा गेला. आंटीने तेव्हा नुकताच नवा लॅपटॉप घेतला होता. दुकानदाराने रॅम किती, डिस्क किती, वेग किती हे सांगितलं, किंमत तर फारच कमी सांगितली, आणि आंटी भुलली. त्याचा पडदा मुळातच काळवंडलेला होता. म्हाताऱ्याचा चेहरा तिला काळपट दिसला, म्हणून तिने तो उजळला. पुन्हा काळपट वाटला, पुन्हा उजळला. घाई होती, चाचणीचा कागद न काढता आम्ही सगळी पुस्तकं छापली. छापून आला तो राखाडी, फिकट, कोणी अनोळखीच माणूस. अंत्यविधीच्या मांडवात, सगळ्या आप्तांसमोर पान्यिन आजी उभ्या राहिल्या आणि पुस्तक वर धरून म्हणाल्या, "हा माझा नवरा नाही. माझ्या नवऱ्याला हिने धुऊन काढलंय."

त्यानंतर वर्षभर आमच्याकडे फारसं कोणी आलं नाही. आंटी पडद्यावरच्या कुठल्याच रंगावर विश्वास ठेवेना. प्रत्येक चेहऱ्याचे सहा-सहा चाचणीचे कागद काढून घ्यायची, मग कुठे हो म्हणायची.

आणि आता पान्यिन आजीच गेल्या. त्यांचे भाऊ, कुळाचे प्रमुख ओपोकू मामा, सोमवारी आमच्या दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"माझ्या मनाने मी इथे आलो नसतो, ग्यामफुआ," मामा म्हणाले. "तीच सांगून गेलीय, माझं पुस्तक त्याच बाईला करू द्या म्हणून. का, ते विचारू नकोस, मलाही कळलेलं नाही. शुक्रवारी नऊला पहिली प्रत बघतो. चेहरा बरोबर नसला तर समोरच्या मेन्साच्या छापखान्यात जातो. तीनशे प्रती तो दिवसभरात काढून देईल, आणि त्याच्याकडे का गेलो तेही शनिवारी मांडवात सांगेन."

हे पुन्हा मांडवात सांगितलं गेलं असतं तर आंटीचं टेबल कायमचं उचलावं लागलं असतं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर बदलायला काढला होता. गुरुवारी दिवसभर वीज नाही, शुक्रवारी सकाळी येईल म्हणाले. माझं मशीन विजेशिवाय कागद काढत नाही. म्हणजे या वेळी चाचणीचे सहा कागद नव्हते, एकही नव्हता. पडदा जे दाखवेल तेच खरं धरायचं आणि शुक्रवारी एकदाच छापायचं.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही आडुम बाजारातल्या फिफीच्या लॅपटॉपच्या दुकानात पोचलो. फिफी तिशीचा, तोंडाने गोड. आंटीजवळ तीन हजार सेडी होते, त्याहून एक पैसा जास्त नाही.

"आंटी, हा बघा," फिफीने एक पातळ, चंदेरी लॅपटॉप पुढे सरकवला. "कोरा. खोका मी तुमच्यासमोर फोडला. सोळाची रॅम, बॅटरी दहा तास, वर्षाची हमी. तुमचं नशीब, बरोब्बर तीन हजार."

"आणि तो?" आंटीने मागच्या फळीवर बोट दाखवलं. तिथे एक जाडजूड, काळा लॅपटॉप होता, कोपऱ्यावर खरचटलेला, दोन अक्षरं झिजलेली.

"तो? तो परदेशातल्या कुठल्याशा ऑफिसात सहा वर्षं घासलेला. दोन हजार नऊशे, हमी नाही, बॅटरी पाऊण तास चालली तर देवाची कृपा."

"वापरलेल्याचे दोन हजार नऊशे, आणि कोऱ्याचे तीन हजार?" मी म्हटलं. "फक्त शंभर सेडी कमी, तेही खरचटल्याचे?"

"सिस्टर, ते ऑफिसवाले मूर्ख नव्हते. घेताना त्यांनी दहा हजार मोजले होते."

हमी, दहा तासांची बॅटरी, कोरं यंत्र. दिवसभर वीज नसणार होती. माझ्या मनाने कौल चंदेरीला दिला होता, आणि मी तसं बोललेही. आंटीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने पिशवीतून पेनड्राइव्ह काढला आणि मग एक जुनं मुखपृष्ठ काढून काउंटरवर ठेवलं. तिच्या बहिणीचं. माझ्याच मशीनवर छापलेलं, त्याच कागदावर.

फिफी एक पाऊल मागे सरला. "आंटी, दिवसाची पहिली विक्री आणि तुम्ही मेलेल्या माणसाचा फोटो काढता?"

"ही माझी बहीण आहे. तुझ्या धंद्याला तिचं काही करणं नाही. फाइल उघड."

दोन्ही लॅपटॉपवर तीच फाइल उघडली, मध्ये कागद धरला. चंदेरीवर बहीण कशी झगमगत होती, गाल चकचकीत, स्कार्फचा निळा डोळ्यात भरणारा. काळ्यावर ती साधीच दिसत होती. आंटीने मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, खाली वाकली. मग म्हणाली, "ही तुझी निळी ट्यूब नको. बाहेर उजेडात बघायचं."

"पैसे दिल्याशिवाय उंबऱ्याबाहेर नाही. माझा नियमच आहे. गेल्या महिन्यात एक जण उजेडात बघायला गेला तो अजून बघतोच आहे."

"मग ही सेरवा इथे बसते," आंटी म्हणाली. "मी पळाले तर हिला ठेवून घे."

"हिला ठेवून मी काय करू? बसल्या बसल्या मलाच बोलेल."

पण तो हसला. शेवटी मी स्टुलावर तारण म्हणून बसले, दारात फिफीचा मदतनीस उभा राहिला, आणि आंटी एकेक लॅपटॉप हातांवर उघडा धरून बाहेर गेली. काचेतून मला दिसत होतं. चंदेरीच्या पडद्यात समोरच्या दुकानाची पाटी आणि आंटीचं स्वतःचं नाक, एवढंच उमटलं. तिने तो कलता केला तर बहिणीचा चेहरा तपकिरीचा राखाडी झाला, सरळ केला तर पुन्हा तपकिरी. मग तिने काळा नेला. कलता केला, फिरवला, कागद शेजारी धरला. आणि तिथेच थांबली. खूप वेळ थांबली.

मी तारण असल्याचं विसरून उठले आणि बाहेर गेले.

"सेरवा, मला कळत नाहीये," ती हळू म्हणाली. "मला वाटतंय दोन्ही रंग एक आहेत. पण तेव्हाही मला असंच वाटलं होतं. तेव्हाही मी अशीच खात्रीने उभी होते. माझ्या डोळ्यांचं मी आता काय धरू?"

एकोणीस वर्षांत तिने मला कधी असं विचारलं नव्हतं. मला वाईट वाटलं आणि भीतीही वाटली, कारण चंदेरीची बाजू मीच घेतली होती. मी पाहिलं. कागद कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते कपाळाच्या जागी सांगता येत नव्हतं.

"तेव्हा तू कागद धरला होतास का शेजारी?" मी विचारलं.

"नाही."

"मग? तेव्हा तू दुकानदाराचं धरलंस. आज कागदाचं धर."

तिने काळा घेतला. पाऊण तासाच्या बॅटरीवरून मी फिफीशी भांडून किंमत दोन हजार सहाशेवर आणली. कोरा, पातळ, हमीचा लॅपटॉप फिफीने परत खोक्यात घातला. मला अजूनही मनातून वाटत होतं की आपण गाढवपणा करतोय.

छापखान्यात अंधार होता. आमच्या गल्लीत त्या दिवशी एकाच ठिकाणी वीज होती, आफ्राकोमा बाईंच्या गोठवलेल्या मासळीच्या दुकानात. त्यांचा जनरेटर सकाळपासून धडधडत होता. त्यांनी मोठ्या फ्रीजरच्या झाकणावर जागा करून दिली आणि अट घातली, "मेलेल्यांचं तोंड माझ्या गिऱ्हाइकांकडे नको. मासे विकले गेले पाहिजेत."

तिथे, थंड झाकणावर कोपरं टेकून, आंटीने पान्यिन आजींचा चेहरा केला. फोटो नातवाने चर्चमधल्या पिवळ्या दिव्यांखाली फोनवर काढलेला. सगळा चेहरा हळदी झालेला. पिवळा कमी केला की हिरवट व्हायचा, हिरवा काढला की लाल. अध्येमध्ये जनरेटर बंद पडायचा, मग पडद्याच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा भराभर उतरायचा आणि आम्ही दोघी त्या आकड्याकडे पाहत बसायचो. एकदा तो अकरा टक्क्यांवर आला. आफ्राकोमा बाई शिव्या देत तेल ओतून आल्या.

"तू आजींना जवळून कितीदा पाहिलंस?" मी आंटीला विचारलं.

"एकदाच. मांडवात." आंटीने मान वर केली नाही. "ज्या बाईने चारचौघांत माझी अब्रू काढली तिचा चेहरा मी विसरेन का? कपाळ गालांहून गडद होतं. ओठांच्या कडेला जांभळट. तीन वर्षं रोज बघतेय मी तो चेहरा."

शुक्रवारी वीज सहाला येणार होती. सात वाजले, आठ वाजले. साडेआठला दिवे लागले आणि मी धावत मशीनकडे गेले. तापायला वीस मिनिटं. नऊला पाच कमी असताना दारात ओपोकू मामा उभे राहिले. एकटे नव्हते. त्यांच्या हाताला धरून एक म्हातारी आली होती, आणि तिला पाहून आंटीच्या हातातला कागद खाली पडला. पान्यिन आजीच दारात उभ्या होत्या असं वाटलं.

"ही काक्रा," मामा म्हणाले. "पान्यिनच्या पाठोपाठ पाव तासाने जन्मली. मी सांगण्यापेक्षा हीच सांगेल."

जुळी बहीण. मी मशीनचं बटण दाबलं. पहिला कागद बाहेर येताना मी त्याच्याकडे पाहिलंच नाही, सरळ आंटीच्या हातात दिला. आंटीनेही पाहिला नाही. तिने तो दोन्ही हातांनी काक्रा आजींपुढे धरला.

आजींनी कागद घेतला, खिडकीशी गेल्या. आंटी टेबलाची कड धरून उभी होती. मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

"रंग बरोबर आहे का, काक्रा?" मामांनी शेवटी विचारलं.

"रंगाचं काय विचारतोस?" आजी चिडून म्हणाल्या. "हिचा स्कार्फ बघ. पुन्हा वाकडा. अठ्ठ्याहत्तर वर्षं सांगत आले मी हिला, पान्यिन, डावीकडे ओढून घे, डावीकडे." आणि बोलता बोलता त्यांचा हात वर गेला आणि स्वतःच्याच डोक्यावरचा स्कार्फ डावीकडे ओढू लागला. मग तो हात तिथेच राहिला आणि त्या रडायला लागल्या.

आंटी पुढे झाली. "आजी, फोटोत सरळ करून देता येईल."

"हात लावू नकोस," काक्रा आजी म्हणाल्या. "ती अशीच होती."

मामांनी कागद त्यांच्या हातातून घेतला, एकदा पाहिला, घडी न घालता कोटाच्या आत छातीशी धरला आणि बाहेर पडले. समोरच्या मेन्साच्या दाराकडे त्यांनी मान वळवली नाही. आंटीने काळ्या लॅपटॉपचं झाकण मिटलं, पाठ माझ्याकडे ठेवूनच डोळे पुसले आणि म्हणाली, "काय बघत बसलीयस? तीनशे काढायच्यात."