झोपायला येणारे पाहुणे

हॉटेलच्या काउंटरवर बसलं की दोन गोष्टी साठत जातात: पाहुण्यांचे विसरलेले चार्जर आणि किस्से. चार्जर लोक फोन करून परत मागवतात. किस्से कुणी मागत नाही, म्हणून ते मीच सांगत सुटतो.

हॉटेल सहा खोल्यांचं, उज्जैनच्या टावर चौकाच्या मागच्या गल्लीत. एका बाजूला बाटिकचा कारखाना, दुसऱ्या बाजूला बासऱ्या करणारा, समोर साइनबोर्ड रंगवणारे. मालकीण वसुधाताई, शाळेतून रिटायर झालेल्या ड्रॉइंगच्या बाई. यजमानांच्या बंद पडलेल्या छापखान्याचं त्यांनी हे बुटीक हॉटेल केलं. मी त्यांचा शेजारी. तीस वर्षं रेल्वेच्या चौकशी खिडकीवर काढली, आता ताईंच्या रिसेप्शनला बसतो.

ताईंचा मुलगा मिलिंद पुण्याला असतो. त्याने सांगून ठेवलं होतं, "आई, दिवाळीपर्यंत हौस भागवून घे. मग मी येणार, हे बंद करणार आणि तुला घेऊन जाणार." ताईंना जायचं नव्हतं. पण मुलाला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलेलं नाही, आणि मला त्याचीच धास्ती होती.

*

इंदूरच्या डिझायनरने सगळ्यात मोठ्या खोलीवर पितळी पाटी ठोकली: राजा सुईट. परगावचा माणूस, त्याला काय ठाऊक! उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कुणी राज्यकर्त्याने इथे रात्री मुक्काम केला तर त्याची गादी जाते, असं आम्ही मानतो.

पहिल्याच आठवड्यात देवासकडच्या एक सरपंचबाई आल्या आणि पाटी वाचून दारातच थबकल्या. "भैया, इसमें मैं नहीं सोऊँगी. एक तो सरपंच, ऊपर से राजा का कमरा."

मी पाटी तिथल्या तिथे उतरवली. तरी बाई हलेनात. शेवटी त्यांनी उपसरपंचाला फोन लावला, "सुबह तक गाँव तू सम्हाल," म्हणाल्या आणि आठ वाजेपर्यंत गाढ झोपल्या.

*

आमच्या गच्चीवर कारखान्याची बाटिकची कापडं वाळत असतात. वेबसाइटवरच्या फोटोत ती निळी आहेत. तो फोटो बघून बंगळुरूची एक आर्किटेक्ट आली आणि गच्चीवर सगळं पिवळं बघून हिरमुसली.

मी कारखान्यातल्या चाचांना विचारायला गेलो. मेणाचा ब्रश न थांबवता ते म्हणाले, "नीला तो भोपाल चला गया, साहब. आज पीला है."

मी तिला तसंच सांगितलं. ती त्या पिवळ्याखाली खाटेवर जरा आडवी झाली. ऊन कापडातून झिरपून तिच्या तोंडावर येत होतं, शेजारचा बासरीवाला एकच सूर पुन्हा पुन्हा तपासून बघत होता. संध्याकाळी उठून म्हणाली, "नीला होता तो फोटो खींचकर चली जाती."

*

नागपूरचे एक गृहस्थ तर सात देवळांची यादी घेऊन आले होते. दोन्ही दिवस झोपेत गेले. निघताना खालच्या आवाजात म्हणाले, "घरी काय सांगू हो?"

माझ्यातला चौकशीवाला जागा झाला. राम घाटापासून सुरुवात करून सगळी देवळं त्यांना क्रमाने, वेळेसकट सांगितली. आठवड्याने त्यांचा फोन आला, "बायकोला पटलं. पण आता तिला तुमच्याबरोबरच दर्शन करायचंय."

*

ताईंची एक सवय कुणालाच मोडता आली नाही. सवाष्ण पाहुणी निघाली की ओटी भरायची. तांदूळ, नारळ, बाटिकचा ब्लाउजपीस. एका दिल्लीवालीने इंटरनेटवर लिहिलं, "चेकआउटला रडू आलं. असं वाटलं, माझी पाठवणी होतेय."

ते वाचून मिलिंदचा फोन आला, "आई, हे हॉटेल आहे की माहेर?"

"दोन्ही जमतंय का बघतेय," ताई म्हणाल्या.

*

दिवाळी झाली आणि मिलिंद आला. डोळे तारवटलेले, कानात फोन. म्हणाला, "मी पाहुणा म्हणून राहणार. नीट बघितल्याशिवाय बोलणार नाही."

ताईंनी इतर पाहुण्यांसारखं त्याच्यापुढे रजिस्टर ठेवलं. नाव, गाव त्याने लिहिलं. 'येण्याचं कारण' या रकान्यात, आई समोर उभी असताना, त्याने लिहिलं: आईला न्यायला.

ताईंनी त्याला वरच्या खोलीची किल्ली दिली.

"पाच वाजता चहा पाठवा," असं सांगून तो वर गेला. पाचला मी दार वाजवलं. सात वाजले, उत्तर नाही. ताई हळूच डोकावून आल्या. "पाय भिंतीला लावून झोपलाय," त्या म्हणाल्या. "लहानपणी झोपायचा तसा." आणि पदराने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तो खाली आला, गालावर उशीच्या घड्या. फोन वरच राहिला होता. काउंटरवरचं रजिस्टर त्याने स्वतःकडे ओढलं, कालची ओळ खोडली आणि शेजारी लिहिलं: झोपायला.

ताईंनी चष्मा लावून ते वाचलं. पेन हातात घेतलं आणि विचारलं, "मुक्काम किती दिवस लिहू?"